मागच्या खोलीची तार

सकाळपासून आभाळ मळक्या फडक्यासारखं लोंबत होतं. पाऊस पडत नव्हता, ऊनही येत नव्हतं. असल्या दमट हवेत म्हाताऱ्या माणसांची हाडं कुरकुरतात तशी जुनी वायरिंगही कुरकुरते, त्यामुळे टेस्टरला अशा दिवसांत काम जास्त. लॉन्ड्रीवाल्याच्या दुकानात तो स्टुलावर उभा राहून जळका बोर्ड उघडत होता. खाली लॉन्ड्रीवाला चुरगळलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी हाताची घडी घालून उभा.

"इस्त्री तापत नाही टेस्टर, पण गिऱ्हाइकं तापलीत."

"एका प्लगवर दोन इस्त्र्या चालवतोस. जळणार नाही तर काय होईल?"

टेस्टर म्हणजे वायरमन. खरं नाव वीजबिलावर छापून येई तेवढंच. शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, तिथं हा टेस्टर लावायचा. लग्नाच्या फोटोतही नवऱ्या मुलाच्या खिशातून टेस्टरची पिवळी मूठ डोकावते. बायको तो फोटो आल्यागेल्याला दाखवायची आणि म्हणायची, "माझा हात धरायच्या आधी यांनी टेस्टर लावून बघितला असणार." लोक हसायचे, हाही हसायचा. आता फोटो होता तिथंच आहे, पण तो दाखवणारीची वाचा गेली आहे. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर जीभही.

खिशातला फोन वाजला. लेकीचा होता.

"बाबा, परत गेली लाइन. तो माणूस माझ्यावर ओरडत होता, मी उत्तर देणार तर मीच गायब."

"तो वायफायचा डबा खिडकीत ठेवलाय ना?"

"खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, आईच्या उशाशी ठेवला. आता डोक्यावर घेऊन बसायचं राहिलंय." ती थांबली. "कंपनीतल्या वरच्या बाईंचा फोन होता. सोमवारी ते तिकडून लाइन तपासणार. ठीक निघाली नाही, तर मला ऑफिसात हजर व्हावं लागेल."

टेस्टरनं फोन खिशात टाकला. त्यानं जळक्या तारेचं टोक छाटलं, दोन पीळ दिले, वर टेप गुंडाळली आणि तो स्टुलावरून उतरला.

"झालं?" लॉन्ड्रीवाल्यानं विचारलं.

"चालू झालंय. बोर्ड मागाहून बदलतो. तोवर एकच इस्त्री लाव."

"मागाहून म्हणजे कधी?"

"मागाहून म्हणजे मागाहून."

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. लोकांचे फ्रिज, कपडे धुण्याची मशीनं बिघडली की लोक कंपनीला फोन करून शिव्या देतात. त्या शिव्या ऐकून घेऊन त्यांना गोड उत्तर द्यायचं, हे तिचं काम. कामात हुशार म्हणून नव्या मुलींना शिकवायची जागा तिला मिळणार होती. तेवढ्यात आईला झटका आला. लेक महिन्याभराच्या बोलीवर आली आणि राहिली. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, पण अट एकच: लाइन तुटता कामा नये.

आणि लाइन तुटत होती ती मागच्या खोलीत.

घर जुनं, लांबोडकं. पुढच्या खोलीत नेटचा राउटर. तिथं वायफाय असं धावायचं की रस्त्यावरच्या पोरांनीही फुकट वापरावं. पण पुढची आणि मागची खोली यांच्यामध्ये दगडाची हातभर जाड भिंत, तिला दार नाही; ये-जा बाजूच्या बोळातून. मागच्या खोलीला न्हाणीघर लागून, म्हणून आजारणीची खाट तिथंच घालावी लागली होती. तिला हाक मारता येत नव्हती. डाव्या हातात एक चमचा असायचा आणि काही हवं झालं की ती खाटेच्या लोखंडी कठड्यावर तो वाजवायची. पाणी, कूस बदलणं, भीती, सगळ्याला तोच आवाज. पुढच्या खोलीत तो पोचत नव्हता. म्हणजे ज्या खोलीत लाइन होती तिथं चमचा ऐकू येत नव्हता, आणि चमचा ऐकू यायचा तिथं लाइन नव्हती.

लेक गेली तर काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसभर कोणी माणूस ठेवायची ऐपत नव्हती. राहता राहिलं गावाबाहेरचं शुश्रूषा केंद्र. बरं आहे, स्वच्छ आहे, असं लोक सांगायचे. टेस्टरही मान हलवायचा. पण त्या इमारतीची वायरिंग त्याच्याच हातची होती. प्रत्येक खाटेशी त्यानं घंटीचं बटण बसवलं होतं. मग तिथल्या माणसांना रात्रंदिवस घंट्या ऐकून कंटाळा आला, तेव्हा त्यालाच बोलावून आतल्या तारा काढायला लावल्या. बटणं तशीच ठेवली, नातेवाइकांच्या समाधानासाठी. तो तारा काढत असताना एक म्हातारा शांतपणे बटण दाबत पडला होता. टेस्टरनं हे घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

लॉन्ड्रीतून तो तडक नेटवाल्याच्या दुकानात गेला. खिडकीत ठेवायचा तो डबा, वायफाय पुढं ढकलणारा, याच दुकानातला.

"तुमचा डबा कुचकामी आहे."

"डब्याचा दोष नाही काका," नेटवाला म्हणाला. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? भिंतीपलीकडं जे पोचतं तेच तो पुढं देणार. असं करा, बोळातनं साधी केबल ओढा. खिडकीतनं बाहेर, खिडकीतनं आत."

"बोळात उंदीर आहेत. टीव्हीची तार दोनदा खाल्ली त्यांनी."

"मग भिंत फोडा."

"हातभर दगड आहे."

नेटवाल्यानं मान खाजवली आणि कपाटातून एक खोका काढला. आत मोबाइलच्या चार्जरसारखे दोन जाडजूड प्लग. "याला पॉवरलाइन म्हणतात. एक राउटरशी लावायचा, एक मागच्या खोलीत. घरात विजेची तार आहेच, तिच्यातनंच नेट जातं. भिंत फोडायला नको, काही नको. फक्त वायरिंग चांगली पाहिजे."

हे ऐकल्यावर टेस्टरचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "वायरिंग माझी आहे," तो म्हणाला.

खरं तर ती एकट्याची नव्हती. घर बांधलं तेव्हा दोघा भावांनी मिळून तारा ओढल्या होत्या. धाकटाही वायरमनच. मग वाटणी झाली, घराच्या मधोमध लांबीला एका विटेची भिंत उभी राहिली, दोन मीटर आले आणि बोलणं बंद झालं. हत्यारांचीसुद्धा वाटणी झाली. ड्रिलचं मोठं मशीन थोरल्याला, म्हणजे टेस्टरला मिळालं, आणि त्या मशीनला पुढं लावायचा, भोक पाडणारा हातभर लांब बिट धाकट्याला. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नव्हतं आणि दोघांनीही मागितलं नाही. मशीन इथं पडून राहिलं, बिट तिथं.

घरी येऊन त्यानं एक प्लग राउटरशी लावला, दुसरा हातात घेऊन घरभर फिरला. पुढच्या खोलीत, स्वयंपाकघरात, माडीच्या जिन्याखाली, सगळीकडे प्लगवरचा दिवा हिरवा. "बघ," तो लेकीला म्हणाला, "तार माझी आहे." मागच्या खोलीत लावला तेव्हा दिवा तांबडा झाला, मग हिरवा, मग परत तांबडा. लेकीनं कानाला हेडफोन लावून बघितलं.

"बोलणं तुकड्यातुकड्यानं येतंय. उचकी लागल्यासारखं."

"पंखा बंद कर."

पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. त्यानं प्लगची फळी उघडली, स्क्रू आवळले, तारांची टोकं पुन्हा सोलली. खाटेवरून बायको डोळे फिरवत त्याच्या हालचाली बघत होती. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या घरी शिडीवर चढायचा. इतका वेळ त्याला काम करताना तिनं कधी पाहिलं नसेल.

"हिच्या खोलीचीच गोम काय आहे कळत नाही," तो पुटपुटला. ही खोली पहिल्यापासून खोडीलच. पूर्वी इथं बायको शिलाईचं मशीन घेऊन बसायची, तेव्हाही कधीमधी दिवा आपोआप जायचा आणि आपोआप यायचा. टेस्टर होल्डर बदलायचा. "दिव्याखाली अंधार," बायको म्हणायची, "गावाला उजेड, आम्हाला होल्डर."

पंखा पुन्हा लावून तो उभा होता, तेवढ्यात विटेच्या भिंतीपलीकडून एक आवाज आला. खटाक. मेन स्विचचा दांडा खाली ओढल्याचा आवाज. तो ओळखण्यात टेस्टरची चूक होणं शक्य नव्हतं. त्याच क्षणी त्याच्या डोक्यावरचा पंखा मंदावला आणि प्लगवरचा दिवा विझला.

पुढच्या खोलीतला दिवा मात्र चालू होता.

त्यानं सवयीनं खिशातला टेस्टर काढला आणि एका भोकात घातला. पेटला. दुसऱ्या भोकात घातला, तिथंही पेटला. दुसऱ्या भोकात तो कधी पेटायला नको असतो. वीज आली होती, पण परत जायची वाट बंद झाली होती. पलीकडून पुन्हा खटाक झालं आणि पंखा फिरायला लागला.

"काय झालं बाबा?"

टेस्टर खाटेच्या कडेला टेकला. वाटणीच्या वेळी त्यानं मागच्या खोलीत वीज आणणारी तार, फेज, आपल्या मीटरवर घेतली होती. वीज परत नेणारी तार, न्यूट्रल, धाकट्याच्या भिंतीतून गेली होती. ती धाकट्यानं सोडवून द्यावी असं याचं म्हणणं, थोरल्यानं येऊन मागावी असं त्याचं. म्हणजे असणार. बोलणंच नव्हतं, तर म्हणणं कोण कोणाला सांगणार. मग तो विसरूनही गेला. या खोलीतला दिवा इतकी वर्षं याच्या विजेवर पेटत होता आणि भावाच्या घरातून परत जात होता. नेट बिचारं एका घरातून निघून दुसऱ्या घरातून फिरणार, ते रडतखडतच येणार.

नवा न्यूट्रल ओढायला तो दुपारभर खपला. भिंतीतला लोखंडी पाइप गंजून बसला होता; तार चार बोटं आत जायची आणि अडायची. पाइप फोडायचा तर खाटेमागची सगळी भिंत फोडावी लागली असती. राहिला एकच मार्ग. दगडाच्या भिंतीला एक सरळ भोक आणि त्यातून केबल. मशीन घरात होतं. एवढा लांब बिट कुठलंही दुकान ठेवत नाही, आणि मागवायला वेळ नव्हता.

धाकट्याच्या दाराशी तो बराच वेळ उभा राहिला. कडी वाजवायला हात उचलला तेवढ्यात आतून आवाज आला, "उघडंच आहे."

धाकटा एकटाच राहायचा. बोर्डासमोर खुर्ची टाकून बसला होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर. हाताला कंप सुटला होता. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत बसता बसत नव्हतं. टेस्टरला हे माहीत नव्हतं. धाकट्यानं हत्यार मांडीवर ठेवलं आणि हात काखेत घातले.

"बिट पाहिजे होता," टेस्टर म्हणाला.

"मशीन चालतं का अजून?"

"तेल घातलं की चालेल."

"फळीखाली आहे. फडक्यात गुंडाळून ठेवलाय."

टेस्टर वाकून बिट काढू लागला. फडकं तेलकट होतं. बिटावर गंजाचा ठिपका नव्हता. पाठमोराच म्हणाला, "सकाळी मेन तूच पाडलास?"

"मी. फ्यूज बदलत होतो. बसला नाही शेवटी."

"माझा मागचा पंखा बंद झाला."

धाकट्यानं वर पाहिलं. "आज कळलं?"

"आज."

"मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हटलं, येशील मागायला. नाही आलास. मग म्हटलं, उद्या येशील."

"तो न्यूट्रल तोडून टाकायचास."

"वहिनी शिवत बसायची तिथं. अंधारात काय शिवणार होती?" त्यानं काखेतले हात घट्ट दाबले. "मेन पाडायचाच झाला तर ती बाजारात गेली की पाडायचो. पायरीवरनं चपला वाजल्या की समजायचं. कधी चुकायचं. आता ती कुठं जातच नाही. किती दिवस थांबणार?"

टेस्टरनं बिट फडक्यात परत गुंडाळला. "चमचा वाजवते ती."

"ऐकतो ना. एका विटेची भिंत."

"मग आला नाहीस."

"दार तुझं आहे."

टेस्टर उंबऱ्याशी गेला तेव्हा धाकटा म्हणाला, "भोक खालून घेऊ नकोस. खाली मोठे दगड आहेत. खिडकीच्या उंचीपेक्षा टीचभर वर घे, तिथं चुना जास्त आहे."

रविवारी भोक पाडलं. मशीन सुरू झालं तशी खाट थरथरायला लागली आणि बायकोच्या तोंडातून एक लांबट, बिनअक्षरी आवाज निघाला. लेकीनं आपला हेडफोन तिच्या कानांवर बसवला आणि वरून दोन्ही तळवे दाबून धरले. भिंतीपल्याड, पुढच्या खोलीत, टेस्टर छातीनं मशीन रेटत होता. खिडकीबाहेर बोळात कोणीतरी आल्याचं त्याला कळलं नाही. "डावीकडं सरकतोय," आवाज आला. "वर उचल. सरळ धर." त्यानं मान न वळवता सरळ धरलं. दगडाची पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर, ओठांवर बसत होती. एकदम समोरचा जोर संपला आणि बिट आरपार गेला.

धूळ बसल्यावर धाकटा मागच्या खोलीच्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. गज धरले तर हात हलताना दिसतील, म्हणून हात पाठीमागं.

"वहिनी," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. कानांवर हेडफोन, केसांवर धूळ. चमचा हातात होता, पण तिनं तो वाजवला नाही. पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि मग तोंड भिंतीकडे फिरवलं. ओळखलं की नाही, राग होता की लाज, हे आता तिला विचारून कळण्यासारखं नव्हतं. धाकटा तसाच परत गेला. टेस्टर बिट घेऊन मागोमाग निघाला, तर तो बोळातूनच म्हणाला, "असू दे. माझ्या हातून आता भोक पडणार नाही."

"आणि न्यूट्रल?"

"तोही असू दे."

केबल घातली, भोक चुन्यानं बुजवलं, कोपऱ्याकोपऱ्यानं क्लिपा ठोकल्या. सोमवारी कंपनीनं लाइन तपासली. वरच्या बाई म्हणाल्या म्हणे, ऑफिसातसुद्धा एवढी चांगली लाइन नाही.

त्यानंतर लाइन तुटली नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीतून लेकीचा आवाज ऐकू यायचा: नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते, आपली गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मधेच चमचा वाजायचा. "एक मिनिट थांबाल का," म्हणून ती उठायची, आईची कूस बदलायची, परत बसायची आणि त्याच सुरात दिलगीर व्हायची. टेस्टर कामावरून आला की दाराशी थांबून हे ऐकायचा. आपण मोठं काम केलं असं त्याला पहिले काही दिवस वाटत होतं.

एका दुपारी तो जेवायला घरी आला होता. लेक जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून बसली होती, गळ्यात हेडफोन. ताट समोर तसंच होतं.

"नव्या मुलींना शिकवायची ती जागा," तो म्हणाला, "तिचं काय झालं?"

"दिली दुसरीला. माझ्याच हाताखालची होती."

"तू बोलली नाहीस."

"बोलून काय?" तिनं भिंतीवरच्या केबलकडे पाहिलं. एकेक क्लिप ओळंब्यात ठोकल्यासारखी सरळ होती. "एक सांगू बाबा? रागावू नका. लाइन धड झालीच नसती, तर मला जावं लागलं असतं. मी सोडून गेले असं झालं नसतं. लाइन नव्हती म्हणून गेले, असं झालं असतं."

टेस्टरनं घास तोंडात घातला.

"तुम्ही तो प्लग घेऊन घरभर फिरत होतात ना," ती हळूच म्हणाली, "दिवा तांबडा झाला तेव्हा मला बरं वाटलं. जरासंच."

त्याच्या जिभेवर त्या केंद्रातली बटणं आली होती. तारा मीच काढल्यात, असं तो सांगणार होता. मग त्याला वाटलं, हे सांगणं म्हणजे हिच्या पायात आणखी एक क्लिप ठोकणं. तो घास गिळून म्हणाला, "जा म्हटलं तर जाशील?"

लेक हसली. आईचं हसणं होतं ते, फोटो दाखवतानाचं. "आता काय म्हणून जाऊ? लाइन तर चांगली आहे."

चमचा वाजला. एकदा, मग लागोपाठ दोनदा. खाटेवरून बायको दोघांकडे बघत होती. तिला कितपत ऐकू गेलं, कोण जाणे. सुट्टी संपली होती; लेक गुडघ्यावर हात टेकून उठली, हेडफोन कानांवर चढवला, पाण्याचा पेला घेतला आणि तिच्या मानेखाली हात घातला. तेवढ्यात कानात घंटी वाजली असावी, कारण पेला ओठाला लावता लावताच ती म्हणाली, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते."

टेस्टरनं तिचं ताट झाकून ठेवलं. हात धुतले. बाहेर आभाळ तसंच लोंबत होतं. हत्यारांच्या पिशवीत त्यानं नवा बोर्ड टाकला, पकड टाकली, टेपचं भेंडोळं टाकलं. लॉन्ड्रीवाल्याच्या दुकानात पोचला तर एका प्लगवर दोन इस्त्र्या चालू होत्या आणि टेपला जळका वास सुटला होता.

"आलास?" लॉन्ड्रीवाला म्हणाला. "मागाहून म्हणाला होतास."

"स्टूल दे," टेस्टर म्हणाला आणि मेन बंद करायला भिंतीकडे गेला.